टर्की, धूर आणि साठ दिवस

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी आधी इकडेतिकडे बघितलं, की मागे दुसरं कोणी उभं आहे का! आपलं शिक्षण कॉन्व्हेंटचं. शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं नातं दूरच्या पाहुण्यासारखं. तेव्हा मंडळी, चूकभूल पदरात घ्या. पण जी गोष्ट सांगायची आहे ती मराठीतच घडली, जरी घडली टेक्सासमध्ये. इंग्रजी विभागात दिली असती तर मावशीचे संवाद कसे लिहिले असते?

तर झालं असं. २०२४ च्या नोव्हेंबरात माझी सेकंड इयरची एंड-सेम संपली आणि तीनच दिवसांत मी विमानात होतो. आमचा मावसभाऊ (आम्ही सगळे त्याला नुसतं 'दादा' म्हणतो) ऑस्टिनजवळ राहायचा. वहिनींना सातवा महिना. मावशीला बाळंतपणासाठी जायचं होतं, पण इंग्रजीची भीती आणि गुडघ्यांची तक्रार. घरात सुट्टी असलेला आणि 'फाडफाड इंग्लिश' बोलणारा रिकामटेकडा एकच. मावशीला पोचवायचं, महिनाभर राहायचं, परत यायचं. कॉन्व्हेंटच्या फीचे पैसे बाबांना एवढ्या वर्षांनी वसूल झाले.

तिथे पोचल्यावर दादाने जाहीर केलं, "यंदा थँक्सगिव्हिंगला आख्खी टर्की स्मोक करायची. आपल्या घरी, आपल्या अंगणात."

थँक्सगिव्हिंग मला शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून माहीत. एका पानावर टेबलाभोवती हसरं कुटुंब आणि मध्ये सोनेरी तपकिरी पक्षी. लिंकनने १८६३ मध्ये हा दिवस राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने तो नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला, हे नंतर वाचलं. टर्की या पक्ष्याची तर गंमतच आहे. तो मूळचा अमेरिकेतला. पण इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात! म्हणजे कोणताच देश आपला म्हणायला तयार नाही. आपल्याकडे तो गोव्यामार्गे आला. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी टर्की नेली आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं. आमच्या मावशीने मात्र फोटो बघून एवढंच विचारलं, "हे पाखरू आणणार कुठे ठेवायला?"

प्रश्न साधा होता, पण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. मावशी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी. मुलगा-सून खातात त्याला तिची ना नाही, पण तिच्या दह्याशेजारी फ्रिजमध्ये टर्की? शक्यच नाही. दादा शनिवारी चौदा पौंडांची, म्हणजे जवळजवळ साडेसहा किलोची, दगडासारखी गोठलेली टर्की घेऊन आला. त्या आठवड्यात दुकानं गिऱ्हाईक खेचायला टर्की फार स्वस्त विकतात. अशी टर्की फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू सोडवायची असते. दर चार-पाच पौंडांना एक दिवस, म्हणजे आपल्या पक्ष्याला तीन-साडेतीन दिवस. फ्रिज नाही म्हटल्यावर ती गॅरेजमध्ये आइसबॉक्सात गेली. मी जबाबदार भावासारखा रोज सकाळी त्यात नवीन बर्फ टाकत होतो. मेकॅनिकलचा विद्यार्थी ना मी! इन्सुलेटेड डबा, त्यात बर्फ, त्यात गोठलेला पक्षी. तो वितळणार कसा, हे हीट ट्रान्स्फर शिकायला निघालेल्या माझ्या डोक्यात चार दिवस आलं नाही.

त्या चार दिवसांत आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. दादा 'वर्क फ्रॉम होम' करत होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, आणि खोलीचं दार बंद. पण दाराबाहेरून जाताना मला जे ऐकू यायचं ते मीटिंगसारखं वाटेना. दादा स्वतःची ओळख करून देत होता. कुठे शिकलो, काय प्रोजेक्ट केले, माझं बलस्थान काय. आपल्याकडे प्लेसमेंटच्या सीझनला विंगमध्ये आरशासमोर जे चालतं तेच. ज्या कंपनीत माणूस पाच वर्षं आहे तिथे तो रोज कोणाला स्वतःची ओळख करून देईल? मी विचारलं नाही. मोठ्या भावाला असं विचारायचं कसं?

बुधवारी संध्याकाळी मीठ-मसाला लावायला टर्की बाहेर काढली. वरून मऊ. पोटात हात घातला तर आत नुसता बर्फ.

दादा पायरीवर बसला. "संपलं. उद्या चार पोरं जेवायला येतायत."

मग मी फोनवर शोधलं. एक मार्ग होता. पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी शिरणार नाही असा बांधायचा, थंड पाण्यात बुडवायचा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. गरम पाणी चालत नाही, कारण बाहेरचं मांस ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जास्त वेळ राहिलं की जंतू वाढतात. पाणी थंडच, पण सारखं बदललेलं. अर्धवट सुटलेल्या चौदा पौंडांना चार-पाच तास तरी लागणार होते.

रात्री आठ वाजता आम्ही गॅरेजमध्ये टब मांडला. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. मधला प्रत्येक अर्धा तास मोकळा. हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको, की सबमिशनच्या आदल्या रात्री माणसं जे बोलतात ते एरवी वर्षभर बोलत नाहीत. साडेदहाचं पाणी बदलून झाल्यावर दादा म्हणाला,

"आज चव्वेचाळीसावा दिवस आहे."

"कशाचा?"

"नोकरी जाऊन."

मग त्याने सगळं सांगितलं. ऑक्टोबरच्या मध्यात त्याच्या टीममधली बरीच माणसं एका दिवसात कमी केली. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. तेवढ्यात नवीन कंपनीने अर्ज भरला पाहिजे, किंवा स्वतः दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केला पाहिजे, नाहीतर देश सोडायचा. वहिनींचा व्हिसा दादाच्याच व्हिसाला बांधलेला. आरोग्य विमा कंपनीचा होता. तो चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून, आणि बाळ जानेवारीच्या शेवटी. तेवढ्या पोटाने वहिनींना डिसेंबरात इतका लांबचा विमानप्रवास झेपेल का हा वेगळाच प्रश्न.

"वहिनींना माहितीये?"

"तिला पहिल्या दिवसापासून. आईला नाही. आईला सांगू नकोस. तिची तिकिटं ऑगस्टमध्ये काढलेली, ती किती खूश होती."

मी काय बोलणार? मला तेव्हा एकोणीस वर्षं पूर्ण होती आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे एम-थ्रीची केटी. मी म्हटलं, "मग ही टर्कीची भानगड कशाला काढलीस?"

तो हसला. "मी २०१७ ला इथे एमएसला आलो. पहिल्या थँक्सगिव्हिंगला सगळं कॅम्पस रिकामं. रूममेट नातेवाइकांकडे गेलेला, मेस बंद, बसेस बंद. चार दिवस मॅगी खाल्ली, कोणाशी बोललो नाही. पुढच्या वर्षी एका मराठी काकूंनी घरी बोलावलं. ओळख ना पाळख. तेव्हाच ठरवलं होतं, आपलं घर झालं की दरवर्षी चार पोरांना बोलवायचं. या पोरांना सप्टेंबरातच सांगून ठेवलंय. आता काय कळवू, माझी नोकरी गेली म्हणून तुम्ही मॅगी खा?"

अकराचं पाणी. साडेअकराचं. बाराचं.

एक वाजता बर्फ सुटला. पोटात एक कागदी पुडी निघाली, त्यात काळीज आणि पोटाचा भाग. मान वेगळी कोंबलेली. नवशिके लोक ही पुडी आत तशीच ठेवून शिजवतात म्हणे. पक्षी आम्ही कागदाने कोरडा केला. वेष्टनावर लिहिलं होतं की कंपनीने आधीच मिठाचं पाणी टोचलेलं आहे, म्हणून मीठ बेताचंच. वहिनींनी लोण्यात कांदा-लसूण मसाला कालवून ठेवला होता, तो कातडीखाली लावला. आता पहाटेपर्यंत तिला उघडी, थंड जागेत ठेवायची, म्हणजे कातडी सुकते. आइसबॉक्स ओला, त्यात जमणार नाही. आम्ही दोघं चोरासारखे स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभे. आणि मागे दिवा लागला.

मावशी उभी होती. तिने एकदा टर्कीकडे बघितलं, एकदा दादाकडे. मग पुढे येऊन फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातलं दह्याचं भांडं, भिजवलेली मटकी, नैवेद्याचं तूप एकेक करून ओट्यावर काढलं आणि म्हणाली,

"ठेव आत."

"आई, अगं तुझं..."

"माझं दही बाहेर राहील. थंडीच आहे." ती जायला वळली. दारात थांबली. "आणि नोकरीचं काय झालं ते उद्या जेवायच्या आत सांग मला. कामावरचा माणूस सुट्टीच्या आदल्या दिवशी खूश दिसतो. तू रविवारी आणि सोमवारी एकच तोंड घेऊन बसतोस."

ती गेली. दादा फ्रिजचं दार धरून बराच वेळ तसाच उभा होता. फ्रिज पीं-पीं करायला लागला तेव्हा मी दार लावलं.

पहाटे पाचला आम्ही अंगणात. स्मोकर म्हणजे पिंपासारखा उभा काळा डबा. तळाशी कोळसे, मध्ये पाण्याचं भांडं, वर जाळी, त्यावर झाकण. खाली हवा आत यायची भोकं, वर धूर जायची. कोळसे सगळे एकदम पेटवायचे नाहीत. थोडे पेटलेले न पेटलेल्यांवर टाकायचे, ते हळूहळू पेट घेत जातात. त्यावर लाकडाचे दोन-तीन ठोकळे. तिकडे मध्य टेक्सासात 'पोस्ट ओक' नावाचं लाकूड वापरतात. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो कडू. लाकूड नीट जळत नसल्याची ती खूण. तो जाऊन पातळ, निळसर धूर दिसायला लागला की पक्षी ठेवायचा. पावणेसहाला ठेवला. आतली हवा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास धरायची आणि थांबायचं. तापमापकाची एक तार जाळीजवळ, दुसरी थेट छातीच्या मांसात. झाकणावर एक काट्याचा तापमापक होताच, पण दादा म्हणाला, "त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. तो झाकणाचं तापमान सांगतो, आतलं नाही."

साडेआठला जाळीजवळचं तापमान उतरायला लागलं. ११५, १०५, ९५, ९०. दादाने झाकण उघडायला हात घातला, मी ओरडलो, "उघडू नको!" झाकण उघडलं की उरलीसुरली उष्णता जाणार. साधारण नियम असा, की मांसाच्या आतलं तापमान चार तासांच्या आत ६० च्या वर गेलं पाहिजे, म्हणजे आमच्याकडे पावणेदहापर्यंत वेळ होता. छातीतला आकडा ५२ वर अडकलेला. मी जमिनीवर आडवा पडून खालच्या भोकांतून बघितलं. राखेने दोन भोकं बुजली होती. हवा नाही म्हणून आग नाही, एवढं साधं. एका वाकवलेल्या हँगरने राख खरवडून काढली आणि पंधरा मिनिटांत आकडा चढू लागला. साडेनऊला छातीत ६१. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण इंजिनीअरिंगला आहोत!

दुपारी दोनला पोरं आली. दोघं महाराष्ट्रातले, एक हैदराबादचा, एक मुलगी भोपाळची. मावशीने सकाळपासून वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर केली होती आणि क्रॅनबेरी चाखून "ही तर करवंदाची बहीण" म्हणत गूळ-मोहरी घालून तिचं लोणचं घातलं होतं. 'जेवायच्या आत सांग' म्हणाली होती, पण दादाने अजून सांगितलं नव्हतं. दुपारभर तो धुराजवळच होता. आता कळतं, टर्कीला तेवढी राखण लागत नव्हती.

सव्वादोनला मांडीत आणि छातीत दोन्हीकडे ७४ च्या वर आकडा आला. तोच सुरक्षित आकडा. अर्धा तास तशीच ठेवली, म्हणजे रस आत मुरतो. दादाने कापली. कातडीखाली मांस गुलाबी दिसलं आणि सगळे दचकले. मी मोठ्या रुबाबात सांगितलं की धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या रंगद्रव्याशी जोडला जातो म्हणून असं दिसतं, रंगावर जायचं नाही, तापमानावर जायचं. (हे मी सकाळी सातला वाचलं होतं.)

सगळे बसले. तेवढ्यात पुण्याच्या पोराने नेमका तोच प्रश्न विचारला. "दादा, मे महिन्यात माझी डिग्री होतेय. तुमच्या कंपनीत रेफरल द्याल का?"

वहिनींनी मान खाली घातली. मी पाण्याचा ग्लास उचलला, उगाच. दादाने सुरी खाली ठेवली.

"मी आता त्या कंपनीत नाही. माझी नोकरी ऑक्टोबरात गेली. आज पंचेचाळीसावा दिवस." आणि मग मराठीत, मावशीकडे बघून, "आई, मी तुला आधी सांगायला हवं होतं."

कोणीच काही बोललं नाही. त्या पोराचा चेहरा असा झाला की त्याचीच नोकरी गेली. शेवटी मावशी उठली. जी बाई अंड्याच्या भांड्याला हात लावत नाही, तिने टर्कीचं ताट दोन्ही हातांनी उचललं, दादासमोर आणून ठेवलं आणि म्हणाली, "मांडीचा तुकडा तू घे. रात्रभर जागलायस." मग पोरांकडे वळून, "आणि तुम्ही रे, थंड करू नका."

जेवण झालं. खरं सांगायचं तर छाती जराशी कोरडी होती आणि कातडी चक्क रबर. एवढ्या मंद आचेवर ती कुरकुरीत होत नाही, हेही आम्हाला नंतर कळलं. पण मांडी! धुराचा, लोण्याचा आणि कांदा-लसूण मसाल्याचा तो वास मला अजून आठवतो. ताटात उरलं फक्त हाड. लोणच्याची बरणी भोपाळची मुलगी घेऊन गेली.

पुढे काय झालं? सिनेमातल्यासारखं एकोणसाठाव्या दिवशी ऑफर लेटर आलं नाही. साठ दिवसांच्या आत दादा-वहिनींनी तिथे पाहुणे म्हणून राहण्यासाठी व्हिसा बदलण्याचा अर्ज केला. त्यात नोकरी करता येत नाही, साठवलेले पैसे खर्च होतात. जानेवारी २०२५ मध्ये मुलगी झाली. एप्रिलमध्ये चौघं परत आली. दादा आता पुण्यात नोकरी करतो, पगार तिकडच्यापेक्षा पुष्कळ कमी. त्याला वाईट वाटतं का? वाटतं. एकदा रात्री फोनवर म्हणाला, "हरल्यासारखं वाटतं रे कधीकधी." मावशी शेजारीच असावी. तिचा आवाज आला, "हरलास म्हणजे काय, घरी आलास."

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा आपल्या विंगमध्ये काय शोककळा पसरली होती ते आठवत असेल. माझा रूम पार्टनर जीआरईचं पुस्तक पालथं ठेवून झोपला. मी परीक्षा देणार का? देणार आहे. मला अजूनही जायचं आहे, खोटं कशाला बोलू? फक्त आता झाकणावरचा काटा बघून नाही जाणार. आतलं तापमान काय आहे ते विचारून जाईन, आणि काही बिघडलं तर घरी चव्वेचाळीस दिवस लपवून ठेवणार नाही. हे शेवटचं जमेल की नाही माहीत नाही. केटीचा निकाल मी बाबांना अकरा दिवसांनी सांगितला होता.

स्मोकर दादा त्या पोरांना देऊन आला. २७ नोव्हेंबर २०२५ ला त्यांचा फोटो आला. अपार्टमेंटच्या मागे तोच काळा डबा, भोवती सात-आठ नवीन चेहरे. खाली मेसेज : 'दादा, कातडी रबर का होते?'

आणि एक शेवटचं. दिवाळीत आपलं हॉस्टेल रिकामं होतं, मेस बंद होते. पण सगळेच घरी जात नाहीत. ज्यांचं गाव तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर आहे ते इथेच असतात आणि मॅगी खातात. फर्स्ट इयरला मला हे माहीतही नव्हतं, कारण मी पहिल्याच एसटीने कराडला पळायचो. २०२५ च्या दिवाळीत मी विंगमधल्या दोघांना, एक आसामचा आणि एक बिहारचा, घरी घेऊन गेलो. आईने फराळाचं ताट समोर ठेवलं. आसामच्या पठ्ठ्याने चकली उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "हे कसं करतात?" आई त्याला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि सोऱ्या हातात दिला.

पुढच्या दिवाळीला तुमच्याही विंगमध्ये कोण मागे राहतंय ते बघा. टर्की नसली तरी चालेल.